रिकामंच पुजा

मी एक जुना होल्स्टर आहे. होल्स्टर म्हणजे पिस्तूल ठेवायचं, कमरेला अडकवायचं पाकीट. माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझं चामडं मऊ, पातळ. आत आधाराला पट्टी नाही, तोंडाशी टणक कड नाही. दुकानदार सांगायचा, "हा सगळ्या पिस्तुलांना बसतो." मित्रांनो, सगळ्यांना बसणारा कुणालाच नीट बसत नाही. पण हे मला कोणी विचारलं नाही.

अमेरिकेतल्या बेलव्ह्यू गावच्या सुनेत्राबाईंनी मला विकत घेतलं. त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये संध्याकाळच्या पाळीला जायच्या. तिथल्या पार्किंगमध्ये त्यांच्या मैत्रिणीवर हल्ला झाला, तेव्हा त्यांनी रीतसर परवाना काढला, पिस्तूल घेतलं आणि ते माझ्यात ठेवलं. त्यांचे यजमान चंद्रशेखर विमानांच्या कारखान्यात तपासनीस होते. सुनेत्राबाई त्यांना म्हणाल्या, "किती मऊ आहे हो, कोटाखाली टोचतही नाही." माझी एवढीच स्तुती झाली. दोन पावसाळी वर्षांत माझं तोंड सैल पडलं. पिस्तूल काढलं की मी मिटायचो, आणि ते परत ठेवताना त्या मला जोराने उघडायच्या.

१९८६ची खंडेनवमी आली. त्या घरात हत्यारांची पूजा होई. चौरंगावर चंद्रशेखर यांची पान्यांची पेटी, सुनेत्राबाईंचं शिलाई मशीन आणि पिस्तूल मांडलं होतं. चंद्रशेखर गोळ्या काढायला पुढे झाले. सुनेत्राबाईंनी त्यांचा हात धरला.

"रिकामं काही पुजत नाहीत आमच्याकडे. धान्याचं माप भरून ठेवतात, कलश भरून ठेवतात. उद्या काढा."

ते हसले आणि थांबले. सुनेत्राबाईंनी परसातल्या झेंडूची माळ पिस्तुलाला बांधली. घरात माळेला पुरेल असा जाड दोरा नव्हता म्हणून ती शेजाऱ्याने दिलेल्या मासे धरायच्या नायलॉन दोरीत ओवली होती. बांधायला जागा एकच, ट्रिगरभोवतीची कडी.

दसऱ्याच्या दुपारी त्यांना कामावर जायची घाई होती. त्यांनी फुलं ओढून काढली. पण कडीतून ओवलेला दोरीचा फास ट्रिगरवर तसाच अडकून राहिला. नायलॉन पारदर्शक, तो दिसला नाही. मी कमरेवर होतो, तोंड मिटलेलं. त्यांनी पिस्तूल माझ्यात दाबलं. फासाचं टोक माझ्या दुमडलेल्या कडेत अडकलं, पिस्तूल खाली गेलं आणि दोरीने ट्रिगर ओढला. गोळी मांडीत गेली. हॉस्पिटल जवळ होतं, तरी सुनेत्राबाई वाचल्या नाहीत.

मग माणसं भेटायला येऊ लागली. योग होता, म्हणाली. नशिबात होतं, म्हणाली. पोलिसांनी मला एका पिशवीत घालून परत दिलं, तेव्हा चंद्रशेखर यांचे तरुण मित्र गिरीश म्हणाले, "काका, हे अपशकुनी आहे. लेक वॉशिंग्टनच्या तळ्यात सोडून द्या."

चंद्रशेखर म्हणाले, "आमच्याकडे विमान पडलं तर नशीब म्हणत नाहीत. कोणता भाग तुटला ते शोधतात. हा तो भाग आहे. मी हा बुडवणार नाही."

त्या दिवसापासून मी त्यांच्या पान्यांच्या पेटीत आहे.

पुढच्या खंडेनवमीला मराठी मंडळी गिरीश यांच्या घरी जमली. गिरीश यांच्याकडेही पिस्तूल होतं आणि कमरेला माझाच भाऊ, तसाच मऊ, तसाच स्वस्त. चंद्रशेखर मला घेऊन गेले आणि मला चौरंगाशेजारी ठेवलं. गिरीश यांच्या पत्नी सुचित्रा हळू आवाजात म्हणाल्या, "सणाच्या दिवशी नको ना, काका."

"सणाच्या दिवशीच गेली ती," चंद्रशेखर म्हणाले. "गिरीश, पिस्तूल रिकामं कर."

"काका, इथेही इन्स्पेक्शन?" गिरीश हसून म्हणाले. कोणी हसलं नाही. त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन गोळ्या काढल्या. चंद्रशेखर यांनी दोनदा तपासून खात्री केली. मग खिशातून नायलॉनचा तुकडा काढला, ट्रिगरला फास घातला आणि गिरीश यांच्या कमरेचा होल्स्टर मागून घेऊन, नळी भिंतीकडे धरून, पिस्तूल त्यात दाबलं.

टक्.

तो आवाज फार लहान होता. सुचित्रा यांनी तो ऐकला. त्या म्हणाल्या, "गिरीश, हा होल्स्टर कमरेला नको. पुन्हा लावायचा नाही."

गिरीश मान खाली घालून म्हणाले, "पण काका, रिकामं पुजायचं?"

"रिकामंच पुजा. भरलेलं मी एकदा पुजून पाहिलं."

त्या दिवशी चौरंगावर रिकामं पिस्तूल होतं आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात होत्या. माळ कशालाच बांधली नाही. सुचित्रा यांनी सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"यालाही लाव," चंद्रशेखर म्हणाले.

मित्रांनो, मला क्षमा नको आणि शापही नको. मला लपवू मात्र नका. ज्या घरी पिस्तूल असेल त्या घरी मला न्या. माझं सैल तोंड दाखवा. होल्स्टर टणक घ्या, ट्रिगर पूर्ण झाकणारा, काढल्यावर न मिटणारा. पिस्तूल आत ठेवताना नजर तिथेच ठेवा, घाई करू नका. आणि कोणी नशिबाचं नाव काढलं, तर त्याला त्या दोरीचा तुकडा दाखवा.

माझ्या कपाळावरचं कुंकू अजून गेलेलं नाही. आणि मी रिकामा आहे.