निळ्या पाण्याचा अर्धा तास

मी एक जुनी फ्लशची टाकी आहे. हसलात ना? मला ठाऊकच होते. मित्रांनो, हसा, पण नाक दाबू नका. माझ्या पोटात स्वच्छ पाणी असते, तुमच्या नळाला येते तेच. गेली सव्वीस वर्षे मी एका चार मजल्यांच्या, चार घरांच्या इमारतीत तळमजल्यावरच्या संडासात भिंतीला पाठ लावून उभी आहे. इतकी वर्षे एका जागी, तीही बंद दाराआड काढली की कोणाचाही स्वभाव संशयी होतो. माझाही झाला.

माझा जन्म चिनी मातीच्या कारखान्यातला. भट्टीतून बाहेर आल्यावर एका तपासनिसाने लाकडी हातोडीने मला टकटक वाजवले आणि कान देऊन म्हणाला, "ही खणखणीत आहे." शेजारच्या दोघी भदभद वाजल्या, त्यांना तिथल्या तिथे फोडले. तेव्हापासून माझी खात्रीच झाली की खोट निघालीच तर ती दुसऱ्यात निघेल, माझ्यात नाही.

काम माझे साधे. दांडा दाबला की तळाचे रबरी झाकण उचलले जाते आणि पाणी धो धो खाली जाते. मग झाकण बसते, नळीतून नवे पाणी येते, त्यावर तरंगणारा गोळा वर चढतो आणि नळी बंद करतो. घरचे काका पाहुण्यांना मुद्दाम सांगत, "सव्वीस वर्षांत हिला पाना लागलेला नाही!" ते ऐकून मी आणखी ताठ उभी राहत असे. पण एवढे कौतुक करणाऱ्या काकांनी माझे झाकण उचलून कधी आत पाहिले नाही. मलाही त्याचे वाईट वाटले नाही, खोटे कशाला बोलू?

काका इमारतीचे सेक्रेटरी. त्यांची सगळी नोकरी एका गोदामावर माल तपासण्यात गेली. नोकरी संपली, तपासणी काही सुटली नाही. त्यात या उन्हाळ्यात पाण्याचे घोडे अडले. गच्चीवरची टाकी सकाळी भरली की दुसऱ्या सकाळपर्यंत पुरायची, ती संध्याकाळी सातलाच कोरडी पडू लागली. काकांनी हिशेब केला. सगळ्यात वरच्या मजल्यावर ताईंचे पाळणाघर. नऊ मुले, म्हणजे अठरा हात. आणखी पुरावा कशाला हवा?

रोज दुपारी दोन वाजता, इमारत शांत झाली की काका संडासात येत, दार लावून घेत आणि स्टुलावर चढून माझ्या पाठीमागच्या पाइपाला कान लावत.

"ऐकतेस का गं?" ते काकूंना हाक मारत. "वर नळ चालूच आहे! सूं सूं आवाज येतोय."

"अहो, तो आवाज वरचा नाही, या टाकीचा आहे," दाराबाहेरून काकू म्हणत. "तीन महिने घसा कोरडा करून सांगतेय."

"तुला भास होतात."

काकांनी माझी बाजू घेतली की मला बरे वाटे. कारण मीही त्या दिवसांत वैतागले होते. मी काठोकाठ भरायची आणि थोड्या वेळाने पाहावे तर पाणी बोटभर उतरलेले. दांडा कोणी दाबलेला नाही, मग पाणी गेले कुठे? मला बादलीचा संशय आला. ती नेहमी भरलेली कशी? बेसिनच्या नव्या नळाचा तर फारच आला, कारण तो दिसायला चकचकीत आणि बोलायला कमी. पाणी घ्यायच्या मगावरही आला. मग विचार केला, काका शहाणे आहेत, चोर वरच असणार.

एका सकाळी जिन्यात कागद लागला. रविवारी पाच वाजता सभा, विषय एकच, पाळणाघर बंद करणे. त्या संध्याकाळी ताई खाली आल्या. संडास दाराजवळच आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"काका, एकदा वर येऊन तर बघा," ताई म्हणाल्या. "माझी मुलं नळ सोडून हात धूत नाहीत, मगातून पाणी घेतात. फळं धुतलेलं पाणी कुंड्यांना जातं. कपडे खळबळलेल्या पाण्यानं फरशी पुसते, उरलं तर संडासात ओतते."

"सांगायला काय जातं?"

"काही जात नाही. म्हणूनच दाखवायचं म्हणते." ताईंनी एक लहानशी बाटली पुढे केली. "हा खायचा निळा रंग. पोरं बोटांनी चित्रं काढतात आणि तीच बोटं तोंडात घालतात, म्हणून मी हाच ठेवते. रविवारी चार वाजता चारही घरांनी फ्लशच्या टाकीत चार-चार थेंब टाकायचे. अर्धा तास कोणी दांडा दाबायचा नाही. खाली भांड्यात निळं उतरलं, तर ती टाकी गळतेय."

"आणि तुमच्याच घरी निळं निघालं तर?"

"तर सभेची गरज नाही. मीच पाळणाघर बंद करीन," ताई म्हणाल्या. "एकीची आई बस चालवते, एकाची दवाखान्यात कामाला असते. त्यांना काय सांगायचं, ते मला आत्ताच सुचत नाहीये."

चोर तो चोर, वर शिरजोर, असे मी मनात म्हटले. मित्रांनो, आज ते आठवले की माझीच मला लाज वाटते.

रविवारी चार वाजता माझे झाकण उचलले गेले. किती वर्षांनी पोटात उजेड आला! काकांनी मोजून चार थेंब टाकले आणि हातात घड्याळ घेऊन समोर स्टुलावर बसले. दहा मिनिटे झाली, काही नाही. काका गालात हसले, मीही हसले. आणि मग भांड्याच्या मागच्या कडेने केसाएवढी बारीक निळी रेघ खाली उतरली. तिच्या शेजारी दुसरी उतरली. खालचे पाणी हळूहळू निळे झाले.

चोर सापडला होता. माझ्या तळाचे रबर पाण्यातल्या क्षारांनी कडक होऊन एका कडेला चिरले होते. तिथून पाणी रात्रंदिवस गुपचूप खाली जात होते, आणि ते भरून काढायला नळी सूं सूं करत होती. काका रोज स्टुलावर चढून माझाच आवाज ऐकत होते. बिचारी बादली! नऊ मुलांचे पाणी मी पळवले होते आणि संशय मात्र साऱ्या जगावर घेत होते.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी दाराकडे पाहिले आणि हात माझ्या दांड्यावर ठेवला. एकदा दाबला की सगळे निळे पाणी गेले असते आणि पुराव्याचे नाव राहिले नसते. मी दांड्याला आजवर कधी नाही म्हटलेले नाही, मला जमतही नाही. काका दाबणार, अशी माझी खात्री होती.

काकू दारात उभ्या होत्या. "दाबा," त्या म्हणाल्या. "कोणाला कळायचं नाही. मीसुद्धा बोलणार नाही. पण उद्या ती पोरं पिशव्या घेऊन शेवटच्या वेळी जिना उतरतील ना, तेव्हा दार उघडून तुम्ही उभे राहा. मला ते बघवायचं नाही."

काकांचा हात बराच वेळ तिथेच होता. मग त्यांनी तो काढून घेतला. "अजून सात मिनिटं आहेत," ते म्हणाले. "तपासणी म्हणजे तपासणी." ते पुन्हा घड्याळ हातात घेऊन स्टुलावर बसले. साडेचार वाजता काका दुखऱ्या गुडघ्यांनी तीन मजले चढले आणि ताईंना स्वतः खाली घेऊन आले.

सभा संडासाच्या दारातच भरली. ताईंच्या घरचे पाणी नितळ निघाले होते. दुसऱ्या मजल्यावर फिकट निळे आले होते. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, "आम्ही विसरून दांडा दाबला." त्यांच्यावर माझा आजही संशय आहे.

"आवाज मी रोज ऐकत होतो," काका सगळ्यांसमोर म्हणाले. "कान बरोबर होता. बोट चुकीच्या दिशेला दाखवलं. ताई, चुकलो."

ताई डोळे पुसत हसल्या. "रबर बदला काका, झालं."

तळहाताएवढे नवे रबर बसले, आणि दुसऱ्या मजल्यावरचेही बदलले. आता गच्चीवरची टाकी सकाळपर्यंत पुरते. काकूंनी पाण्याने भरलेली एक बाटली माझ्या पोटात उभी केली आहे, त्यामुळे दर वेळी तेवढे पाणी वाचते. कपडे खळबळलेले पाणी बादलीत साठते आणि माझे निम्मे काम तीच करते. मी तिची मनोमन माफी मागितली आहे.

मित्रांनो, संशय घेऊच नका असे मी सांगणार नाही, तो माझ्या स्वभावात बसत नाही. पण पाणी कमी पडले तर शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावण्याआधी आपल्या घरचे झाकण उचला. ज्याचे कौतुक करता, त्याच्या आत अधूनमधून डोकावत जा. महिन्याच्या पहिल्या रविवारी काका अजून चार थेंब टाकतात आणि स्टुलावर बसतात. तो अर्धा तास मला फार मोठा वाटतो.

परवा सोमवारी नऊ मुले जिना चढत होती. काकांनी दार उघडे ठेवले होते. एक चिमुरडी थांबली आणि डोकावून म्हणाली, "आजोबा, तुमचा संडास अजून निळा आहे?"

"काल बघितला, नव्हता," काका म्हणाले. "आजचं मी सांगू शकत नाही बाई, परत बघावं लागेल."