रावसाहेबांच्या चोवीस गोणी

रावसाहेब भालचंद्र नोकरीतून निवृत्त होऊन वसईत राहायला आले, तोवर स्वातंत्र्याला दोन वर्षं झाली होती. रावसाहेब हा किताब ज्या सरकारनं दिला, ते सरकार बोटीत बसून निघून गेलं; किताब मात्र बंगल्याच्या फाटकावर राहिला. आम्हीही त्यांना रावसाहेबच म्हणायचो, कारण नुसतं भालचंद्रराव म्हटलं की ते ऐकू आलं नाही असं दाखवायचे.

बंगल्यापुढे त्यांनी हरळीची हिरवळ करवून घेतली. तिला ते लॉन म्हणत. ती राखायला बळीराम होता. बळीराम पलीकडच्या वाडीतला माणूस, पण स्वतःच्या केळींवर घर चालेना म्हणून चार बंगल्यांच्या बागा सांभाळायचा. त्याच्या विहिरीला फाल्गुन लागला की खाडीचं खारं पाणी यायचं आणि केळींची पानं कडेनं करपायची. रावसाहेबांची विहीर गोड्या पाण्याची, वर तेलाचं इंजिन. रावसाहेबांनी शब्द दिला होता, की जानेवारीच्या बागस्पर्धेत लॉनला पहिलं बक्षीस मिळालं, तर उन्हाळाभर रोज दोन तास इंजिनाचं पाणी बळीरामच्या केळींना. त्या दोन तासांसाठी बळीरामनं हिरवळ पोरीच्या केसांसारखी जपली.

अडलं ते कचऱ्याच्या पिशवीवर.

बळीराम बागेतला पाला, झावळ्या, बोगनवेलीच्या काटेरी फांद्या जाळ्याच्या झोळीतून वाहायचा. पाचूबंदरचा कोळी सायमन त्याला जुनं जाळं द्यायचा आणि केळीचा एक लोंगर घेऊन जायचा. या झोळीला काटे फाडत नाहीत, ओल्या पाल्याचं पाणी वाटेतच गळून ओझं हलकं होतं, आणि आत फुरसं शिरलं असेल तर हात घालण्याआधी दिसतं. बागकाम करणाऱ्याला याहून जास्त काय हवं? पण जाळ्याला बोंबलाचा वास होता. रावसाहेबांच्या ओट्यावर पाहुणे चहा पीत बसलेले असताना बळीराम झोळी घेऊन समोरून गेला आणि एका बाईंनी नाकाला पदर लावला. बस्स, झोळीचं भवितव्य ठरलं.

"व्यवसाय म्हणून बागकाम करतोस ना? मग साधनं तशी हवीत," रावसाहेब म्हणाले. मग आठवडाभर पिशव्यांची चौकशी चालली. साखरेचं पोतं आणलं, त्याला मुंग्या लागल्या. रावसाहेबांनी स्वतः बेतून कॅनव्हासची थैली शिवून घेतली. ती इतकी मोठी झाली की भरल्यावर दोघांना उचलेना. तागाची नवी गोण फाळणीपासून मिळत नव्हती. शेवटी मिठागरवाल्या स्नेह्यानं चोवीस गोणी फुकट पाठवल्या. सगळ्या एका मापाच्या, स्वच्छ, बिनवासाच्या. रावसाहेब खूश झाले.

बळीरामनं एका गोणीला बोट लावून चाटलं. "साहेब, मिठाच्या गोनी हायत या. बागेत नको. पानी लागलं की मीठ उतरतं."

"धुतल्या की झालं."

"मग खाडीवर धुतो. हितं नको."

"खाडीच्या चिखलात? माझ्या गोणी?" रावसाहेब हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी बळीराम दुसऱ्या बंगल्यावर असताना त्यांनी धोतर खोचलं, नळाखाली एकेक गोण ओली केली आणि चोवीसच्या चोवीस गोणी लॉनवर सहा ओळींत चार-चार अशा वाळत घातल्या. कचेरीत फायली लावायचा माणूस. ओळी अगदी सरळ आल्या.

आठवड्यात हिरवळीवर चोवीस पिवळे चौकोन उमटले. बळीराम ओट्याच्या पायरीवर बसला. त्याला रडूच आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. स्पर्धेला तीन दिवस राहिले होते.

परीक्षक मुंबईहून आले. चौकोनांपाशी थांबले. एकमेकांकडे बघू लागले. रावसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण तीस वर्षांची सरकारी नोकरी अशा वेळी कामी येते. ते खाकरून म्हणाले, "ही विलायती पद्धत. आपल्याकडे अजून फारशी आलेली नाही."

परीक्षकांपैकी कुणालाच ही पद्धत माहीत नव्हती आणि ते कबूल करायचीही कुणाची तयारी नव्हती. एकानं मान डोलावली, तशी बाकीच्यांनीही डोलावली. पहिलं बक्षीस रावसाहेबांच्या चौकोनी लॉनला मिळालं.

बळीराम त्याच संध्याकाळी पाणी मागायला गेला.

"बक्षीस कशाला मिळालं, बळीराम?" रावसाहेबांनी विचारलं. "प्रशस्तिपत्र वाच. चौकोनांच्या नावीन्याबद्दल. म्हणजे पिवळ्या भागाला. पिवळा भाग मी केला. तुझा हिरवा."

"बरं, साहेब. मग माझं हिरवं मी करायचं थांबवतो," बळीराम म्हणाला आणि झोळी खांद्यावर टाकून निघून गेला. आम्हाला वाटलं, रागावला आहे, दोन दिवसांत येईल. तो आला नाही.

फाल्गुनात त्याच्या केळींची पानं करपायला लागली. इकडे रावसाहेबांनी स्वतः झारी धरली, पण इंजिन कधी चालवायचं आणि मुळांना किती पाजायचं हे फायलीत लिहिलेलं नव्हतं. अशात स्पर्धावाल्यांचं पत्र आलं, की पंधरा-वीस बंगलेवाले चौकोनी लॉन बघायला येत आहेत. पत्र हातात घेऊनच रावसाहेब बळीरामच्या वाडीत आले. त्या वाटेला ते पहिल्यांदाच येत होते.

"बळीराम, ते चौकोन दिसेनासे झालेत."

"का बरं?"

"सगळंच पिवळं पडलंय."

"मग आता आनखी मोठं बक्षीस भेटेल," बळीराम म्हणाला आणि केळीचं करपलेलं पान विळ्यानं छाटत राहिला.

रावसाहेबांनी केळींकडे पाहिलं, विहिरीतलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं आणि थुंकून टाकलं. मग हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून इंजिन दोन तास तुझं."

"तीन," बळीराम म्हणाला. "आन् झोळी माझी."

पाहुणे आले त्या दिवशी बळीराम वाळलेली हरळी जाळ्याच्या झोळीत भरून ओट्यासमोरूनच गेला. एकानं विचारलं, हा वास कसला? रावसाहेब म्हणाले की बागेच्या कचऱ्याला जाळ्याची झोळीच उत्तम, बऱ्याच प्रयोगांनंतर आपण या निष्कर्षाला आलो आहोत. पाहुण्यांनी वहीत लिहून घेतलं. पलीकडे बळीरामच्या वाडीत इंजिनाचं पाणी पाटातून केळींना पोचत होतं.