खडखड्याचा गुरुवार

मित्रांनो, मी एक जुना खडखड्या आहे. बाभळीची फळी, तिला एक मूठ आणि फळीवर आपटणारी छोटी लाकडी हातोडी, एवढाच माझा संसार. कोल्हापूरच्या आमच्या चर्चमध्ये उपवासकाळाच्या शेवटी, पवित्र गुरुवारी, घंटा मुकी होते. प्रभूच्या दुःखात ती थेट ईस्टरच्या रात्रीपर्यंत बोलत नाही. तेवढे दिवस तिच्या जागी मी बोलतो.

मला घडवलं गडहिंग्लजच्या बाळासो सुतारांनी. फादरांनी माझं काम समजावलं, तेव्हा ते रंधा थांबवून म्हणाले, "म्हंजे तीन दिवस बडबड आन् वर्षभर गप? मग एक नमुना घरात न्हेऊन ठेवतो की. आमच्या मंडळीस्नी बघू दे."

खरंच, वर्षभर मी गप्प. कपाटात, जांभळ्या पडद्यांखाली, झुरळांच्या शेजारी. एकदा तर वेदीसेवक पोरांनी माझा क्रिकेटचा स्टंप केला! आवाजाचं कौतुक तर कधीच झालं नाही. घंटा कशी किणकिणते, मी आपला खडाड खड.

पण दोन हजार तीन साल मी विसरणार नाही. त्या वर्षी माझी मूठ पहिल्यांदाच एका मुलीच्या हातात येणार होती. नववीतली स्वप्नाली मला पुसत होती आणि दारात तिची आजी बयाबाई उभी होती. बयाबाईंना कमी ऐकू यायचं. घंटेची बारीक किणकिण तर अजिबात नाही. घंटा वाजली की सगळे गुडघे टेकायचे आणि त्या डोळे मिटून बसलेल्याच. परवा त्यावरून मागच्या बाकावरची पोरं हसली होती.

"आवंदा गुरवारी मी येणार न्हाय," बयाबाई म्हणाल्या. "देव वेदीवर येतोय आन् मी आपली बसल्याली. घरातच प्रार्थना करीन."

"आज्जे, मी वाजवणार हाय की!"

"वाजीव. मला कुठं ऐकू येतंय?"

"मग बघायला तरी ये."

हे स्वप्नाली एवढं ओरडून म्हणाली की अंगणातल्या सगळ्यांना कळलं. आता आजींना येणं भागच होतं.

गुरुवारी संध्याकाळी मिस्सात, म्हणजे वेदीवरच्या उपासनेत, देव वेदीवर येण्याची ती घटका आली. बयाबाईंचे डोळे मिटलेले. स्वप्नालीनं मला जीव तोडून हलवलं. खड खड खड!

बयाबाईंनी डोळे उघडले. बाकीचे पदर, ओढण्या सावरत होते, तोवर त्यांचे गुडघे जमिनीला टेकलेसुद्धा.

नंतर त्यांनी मला हातात घेतलं, माझ्या फळीवरून हात फिरवला. "ह्येचं बोलणं ऐकू येतंय गं मला. आमच्या मालकांगत हाय बघ. घोगरं." मित्रांनो, माझ्या या घोगऱ्या आवाजाबद्दल मी देवाचे आभार मानले ते तेव्हाच.

ईस्टरला घंटा परत बोलू लागली आणि मी कपाटात गेलो. आता आजींचं काय? स्वप्नालीनं तोड काढली. तेव्हापासून ती आजींशेजारी बसते आणि घंटा वाजली की बोटांनी बाक ठोकते. बाकही लाकडाचाच की!

दर रविवारी ती टकटक माझ्या कपाटापर्यंत येते. मला कधी तेलाचा हात लावलात तर उपकार होतील, नाही लावलात तरी तक्रार नाही. पण प्रार्थनेत तुमच्या शेजारचं कुणी मागं राहिलं, तर हसू नका. बाक ठोका. मी समजेन, मलाच वाजवलंत.