मालोजीशेठचा नळ

इलेक्शनच्या आधी मालोजीशेठनं आमच्या वाडीत नळ बसवला. मागं ना पाईप, ना टाकी. त्याच्या माणसानं खांबाआडून नळात कळशी ओतली, शेठनं धारेखाली ओंजळ धरली, झाली रील! शेठ निवडून आला, अन् नळावर कुत्री टांग वर करायला लागली.

मग मुंबैची एक कलाकार बाय आली, रिया. असले व्हिडिओ अन् मतं, यावर चौक गावाजवळच्या फार्महाऊसवर ती कायतरी प्रदर्शन मांडणार होती. बोलली, "वनिताताई, तो नळ देता?"

"ने की बाय, आमाला काय पूजायचाय?"

उद्घाटनाला आमा बायांनाही बोलावलं, हंडे घेऊन या बोलली.

गेलो तर काय! पांढऱ्या भिंतीवर आमचा नळ, भोवती टांगलेले मोबाईल, सगळ्यांवर शेठचीच रील. अन् नळाला धो धो पाणी! खालच्या टाकीतलं पाणी मोटर परत वर फेकत होती. "खोटं असंच फिरत राहतं," रिया पाव्हण्यांना सांगत होती. माझं कुठं ध्यान! धार वाहतेय अन् खाली भांडं नाय, हे आमच्या वाडीतल्या बाईला बघवतं का? आमी टँकरच्या पाण्यावर जगणारी माणसं. मी हंडा लावला. भरला तशी हसले. लोकांनी मोबाईल वर केले.

शेठच्या मेल्या माणसांनी तेवढाच तुकडा उचलला. नळ, भरलेला हंडा, माझं हसू. वर लिवलं, 'शब्द पाळला.'

टँकर बंद झाला. टँकरवाल्या नवनाथला मी शिळफाट्यावर गाठलं.

"तहसीलच्या साहेबांनी व्हिडिओ बघून टँकरच्या यादीतून तुमची वाडी काढली," तो बोलला.

"अरं, ते खोटं हाय रं!"

"वयनी, पाणी तर तूच भरतेस त्यात."

अंगाचा भडका उडाला. रियाला फोन लावला. ती बोलली, "अरे देवा! ताई, म्हणजे मी जे दाखवलं तेच खरं झालं!"

"जळो तुझं दाखवणं! पाणी दे."

तर बोलली, प्रदर्शन पुण्याला गेलं, नळही गेला.

आता आटलेल्या नदीत खड्डा खणून आमी वाटीवाटीनं पाणी भरतो. माझी पाळी आली की माझी नणंद जना माझा हंडा उचलून सगळ्यांच्या मागं ठेवते.

"तुझा भरलाय की गं," बोलते, "सगळ्या दुनियेनं बघितलाय."