चार देहांची नोंद

"मामा, पाचव्या ओळीतलं हे नाव कोणाचं?" तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

मामांनी चष्मा सारखा केला. नोंदवही कोरी करकरीत होती, अक्षर मात्र थेट त्यांच्यासारखं. कुणा बाईचं नाव, वय बासष्ट, देह आल्याची तारीख. तिच्याखाली आणखी नऊ नावं.

"ही बाई आपल्याकडे आलीच नाही, साहेब. यंदा चारच देह आले. चारही मी स्वतः उतरवून घेतलेत."

शरीररचना विभागात मामा एकतीस वर्षं मदतनीस होते. दान आलेला देह रसायनाच्या टाकीत ठेवायचा, नाव नोंदवायचं, शिकणाऱ्या पोरांसाठी टेबलावर काढायचा, हे त्यांचं काम. यंदा एकेका टेबलाभोवती चाळीस पोरं दाटीवाटीनं उभी राहत. एवढे कमी देह दिसले तर कॉलेजची मान्यता जाईल, म्हणून आकडा वाढवा, असा वरून निरोप आला होता. मामांनी साफ नकार दिला.

तेव्हा विभागप्रमुख बाई स्वतः खाली आल्या होत्या. त्याही इथंच शिकलेल्या. पहिल्या दिवशी टेबलापाशी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा मामांनीच तोंडावर पाणी मारलं होतं. पुढे डोळे मिटायला लावून, तळहातावर एकेक हाड ठेवून मनगटाची आठही हाडं ओळखायला शिकवली होती.

"खरं तेच राहू द्या, मामा," बाई म्हणाल्या होत्या. "वरच्यांचं मी बघते. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही."

घरी जाऊन मामांनी बायकोला ते दोनदा सांगितलं होतं.

आता त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई हातातल्या फायलीत बघत होत्या.

"सर, मामांचं वय झालंय. हल्ली विसरतात. मागच्या आठवड्यात टाकीचं झाकण उघडंच ठेवून गेले."

एकतीस वर्षांत मामांनी झाकण एकदाही उघडं ठेवलं नव्हतं.

"अगं, जुनी वही कुठाय? कपाटातली?" चारचौघांत त्यांच्या तोंडून 'अगं' निघून गेलं.

"कोणती जुनी वही, मामा?"

बाईंनी हे इतक्या मायेनं विचारलं, की क्षणभर मामांना स्वतःचाच संशय आला.

"साहेब, टाक्या उघडा. मोजून घ्या."

"बाकीच्यांचे अंत्यसंस्कार झालेत, सर," बाई शांतपणे म्हणाल्या.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "निवृत्तीला किती राहिले?"

"सात महिने."

"जरा आराम करा आता." त्यांनी वहीवर सही केली. दारात उभी असलेली पोरं आपापल्या बुटांकडे बघत राहिली.

संध्याकाळी बाई पुन्हा खाली आल्या. "दीडशे पोरांच्या वर्षाचा प्रश्न होता, मामा. समजून घ्या."

"मग मला आधी सांगायचं होतंस," मामा म्हणाले. "मी रजा घेतली असती."

बाई जिना चढून निघून गेल्या.

तीन आठवड्यांनी मान्यता आली. फाटकावर हातभर अक्षरांचा फलक लागला. दुसऱ्या दिवशी मामा वरच्या मजल्यावर कार्यालयात गेले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी आणि बायकोनं याच कॉलेजला देहदानाचे अर्ज भरून दिले होते.

"दोघांचे अर्ज परत द्या."

कारकून दचकला. "मामा, लोकांना देहदानाचं पटवून देणारे तुम्ही! रागाच्या भरात काही करू नका हो."

"राग नाही. मेल्यावर तरी आम्हाला मोजणीत खरं धरलं जावं, एवढंच."

कारकुनानं फायलीतून दोन कागद शोधले, गंजलेली टाचणी काढली.

"कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

मामांनी विचार केला. "लिहा, पत्ता बदलला."

कारकुनानं तसं लिहिलं. मामांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून घडी घातली, खिशात ठेवली, आणि पुढच्या तासाआधी टेबल पुसायचं राहिलं होतं म्हणून जिना उतरू लागले.