लाल पट्ट्याची बादली

पैज लागली न्हाव्याच्या दुकानासमोर, आणि विषय होता पैलवानाचं टक्कल.

"वहिनी, तुमच्या दह्याचं कौतुक ऐकून कान किटले," पैलवान म्हणाला. "एवढं घट्ट असतं ना, तर मडकं माझ्या डोक्यावर पालथं धरून दाखवा."

दहीवाल्या वहिनी मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. "धरते की. रविवारी सकाळी, इथेच, सगळ्यांदेखत. थेंब पडला तर दुकानावरची 'घट्ट दही' ही पाटी उतरवीन आणि 'पातळ ताक' अशी लावीन. नाही पडला तर तू काय करणार?"

"गायीची घंटा गळ्यात बांधून गल्लीतल्या प्रत्येक दारात हंबरेन."

"त्यात नवीन काय?" न्हावी वस्तरा पुसत म्हणाला. "एरवी बोलतोस तेही तसंच असतं."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. आता तुम्ही म्हणाल, तू कोण गं बाई? तर मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. न्हाव्याच्या दुकानासमोरच पैलवानाचा गोठा आहे, आणि गोठ्याच्या दारातल्या खुंटीवर मी असते. तिथून सगळी गल्ली दिसते. कोण उधारीवर दाढी करून जातो, कोण बायकोला घाबरतो, सगळं मला ठाऊक. पण ते राहू दे. आज मला दुसरंच सांगायचंय.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. ठोकून ठोकून मला गोल केलं, तळ बसवला, कडी लावली. नवी होते तेव्हा अशी लखलखायचे की पैलवान माझ्यात बघून भांग पाडायचा. तेव्हा त्याला भांग होता. नाव पैलवान, पण वाऱ्याने उडेल असा माणूस. दूध मात्र चोख. पाण्याचा थेंब नाही, मापात खोट नाही. "माझी कॅन कधी उणी गेलेली दाखवा, मिशी उतरवून देतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गल्लीत दूध घालणारा तोच, त्यामुळे वहिनींच्या दह्याला दूधही त्याचंच.

शहाणी नावाची त्याची गाय. नावापुरती शहाणी. एकदा तिने मला अशी लाथ हाणली की माझ्या पोटात खळगा पडला तो कायमचा. त्यानंतर पैलवानाने नवी बादली आणली, आणि माझं काय करायचं हा प्रश्न जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सोडवला. त्यांनी माझ्या अंगावर लाल रंगाचा पट्टा ओढला. "गायीला औषध चालू असेल तेव्हा तिचं दूध हिच्यात काढायचं," त्या म्हणाल्या, "आणि थेट खड्ड्यात ओतायचं. गायीच्या पायालाही लाल चिंधी बांधायची, म्हणजे धार काढताना विसर पडायला नको."

तेव्हापासून मी औषधाच्या दुधाची बादली. माझ्यातलं दूध कोणाच्या चहात गेलं नाही, कोणाच्या पोटात गेलं नाही. नवी बादली दिमाखात कॅनपर्यंत जायची आणि मी खड्ड्यापर्यंत. मला वाईट वाटायचं. मनातून वाटायचं, एकदा तरी माझ्यातलं दूध कोणीतरी प्यावं. मित्रांनो, मागताना जरा बघून मागावं.

पैज लागली आणि शहाणीची कास सुजली. दगडासारखी कडक. डॉक्टरीणबाई आल्या, दूध तपासलं, सडात औषध सोडलं, पायाला लाल चिंधी बांधली.

"मी सांगेपर्यंत हिचं दूध खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "औषध मधेच थांबवायचं नाही. आणि खिडकीत ती कसली औषधाची नळी दिसतेय?"

"मागची उरलेली आहे," पैलवान म्हणाला. "दुसरी गाय शिंकली की देतो थोडी. ताकद येते."

"ते टॉनिक नाही, पैलवान. असं उठसूट दिलं ना, की जंतू त्याला सरावतात. मग खरंच गरज पडली की औषध नुसतं बघत बसतं. गायीचं तसंच, माणसाचंही तसंच. आण इकडे ती."

पैलवानाने नळी दिली. नीट दिली, मान डोलावून दिली. पुढचे दिवस माझ्यातलं दूध शहाण्यासारखं खड्ड्यात ओतलं. मग शनिवार संध्याकाळ आली.

त्या संध्याकाळी वहिनींना जास्त दूध हवं होतं. रोजची मडकी होतीच, शिवाय पैजेचं मोठं मडकं. दुसऱ्या गायीचं दूध कॅनमध्ये ओतलं तर कॅन गळ्यापर्यंतसुद्धा भरेना. पैलवानाने कॅन हलवून बघितली, जणू हलवल्याने दूध वाढतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्यात शहाणीचं दूध होतं, पिवळसर, सायीचं, दिसायला झकास.

"एवढ्या दुधात एवढंसं," तो स्वतःशीच म्हणाला. "वहिनी उकळणारच आहे. उकळलं की सगळं जातं."

त्याने मला उचललं आणि कॅनमध्ये ओतलं.

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. उणी कॅन नेण्याची त्याला लाज वाटली, आणि मला कॅनमध्ये जायला मिळाल्याचा आनंद झाला. दोघांनाही आपापल्या अब्रूची पडली होती. ज्या घरात ते दूध जाणार होतं, त्या घराचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही, आणि मला तर डोकंच नाही.

वहिनींच्या घरात एक विरजण होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईने ते वाटीत घालून दिलेलं. रोजच्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या दुधाला लावायचं. आई गेली, पण आईचं दही रोज लागत राहिलं. आजारपण असो, लग्नकार्य असो, वहिनींनी ते कधी तुटू दिलं नव्हतं. त्या शनिवारी मोठं मडकं होतं म्हणून त्यांनी वाटी पुसून घेतली. सगळं विरजण त्या दुधात गेलं.

कोणी कोणाला फसवू नये म्हणून पैजेचं मडकं पोत्यात गुंडाळून न्हाव्याच्या दुकानातच ठेवलं होतं. रविवारी सकाळी न्हाव्याने कुलूप काढलं. गल्ली गोळा झाली. पैलवान स्टुलावर मान खाली घालून बसला. समोरच्या घरातल्या आक्का पायरीवर उभ्या होत्या. "आम्ही बाई विकतचं दही तोंडाला लावत नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगायच्या, पण बघायला मात्र पहिल्या.

वहिनींनी दोन्ही हातांनी मडकं उचललं. उचलताक्षणी त्यांच्या हातांना काहीतरी कळलं असावं, त्यांचा चेहरा बदललेला मी बघितला. पण तोवर मडकं कलंडलं होतं. सगळंच्या सगळं दूध पैलवानाच्या डोक्यावरून, कानांतून, सदऱ्यात. दही नव्हतंच ते. नुसतं कोमट दूध.

गल्ली हसून लोळायला लागली. न्हावी म्हणाला, "पैलवान, आता साबण तेवढा लाव."

पण वहिनी हसत नव्हत्या. त्या मडक्यात बोट घालून बघत होत्या. मग धावत शेजारच्या आपल्या दुकानात गेल्या. दुकानातली बाकीची मडकीही तशीच होती. मग त्या परत आल्या.

"लागलंच नाही," त्या म्हणाल्या. "एकही नाही. आईचं विरजण गेलं."

"दुधात काही..." न्हावी बोलायला लागला.

"दुधाचं नाव नको काढू. पैलवानाच्या दुधात खोट नसते." वहिनींनी स्वतःचे हात बघितले. "माझीच चूक. दूध जास्त गरम असताना लावलं असेल. वय झालं, हाताला अंदाज राहिला नाही."

आणि त्यांनी आपल्या दुकानासमोर खुर्ची ओढली, वर चढल्या, आणि 'घट्ट दही' ही पाटी उतरवली. पैज म्हणजे पैज.

पैलवान जिंकला होता. मित्रांनो, जिंकलेला माणूस इतका बारीक दिसताना मी कधी बघितला नाही. तो गोठ्यात आला, डोकं पुसलं, आणि माझ्याकडे बघेना. माझ्या अंगावर तोंड फिरवण्यासारखं काय होतं? लाल पट्टा होता. माणसाला वाचता येत नसलं तरी वाचता येईल असा. आणि मी तरी कुठे मोठी साळसूद? काल छाती फुगवलेली तीच आज खुंटीवर निमूट लटकत होते. समोर वहिनींच्या दुकानावर पाटीच्या जागी चौकोनी डाग दिसत होता.

दुपारी डॉक्टरीणबाई शहाणीला बघायला आल्या. सूज उतरली होती. पैलवान गोठ्यात उगाच इकडचं तिकडे करत होता.

"बाई, समजा," तो शेवटी म्हणाला, "समजा एखाद्याने हे दूध चुकून चांगल्या दुधात मिसळलं. थोडंसंच. आणि मग ते उकळलं."

"त्या एखाद्याला टक्कल आहे का?"

पैलवानाचा हात आपोआप डोक्यावर गेला.

"उकळून औषध जात नाही," बाई हात धुत म्हणाल्या. "विरजण म्हणजे काय? तेही जंतूच, पण आपल्या कामाचे. औषधाला कुठं कळतं कोण शहाणा आणि कोण वाईट? ते सरसकट मारतं. दही लागलं नाही ते त्यामुळे. आणि जे दूध लोकांच्या चहात गेलं असेल, त्यात एखाद्याला हे औषध सोसत नसलं तर अंगावर गांधी उठतात, श्वासही अडकतो. नियम काय मी तुला त्रास द्यायला सांगते? कोणाकोणाच्या घरी गेलं दूध?"

"सगळं वहिनींकडेच. चहाच्या घरांना काल सकाळचंच पोचलं होतं."

"मग नशीब समज. दही लागलं नाही म्हणून कोणाच्या पोटात गेलं नाही. तिच्या विरजणाने गल्ली वाचवली म्हण." बाईंनी पिशवी उचलली. "तिला सांगितलंस?"

"ती म्हणते तिचाच हात चुकला."

"आणि तू म्हणू दिलंस."

बाई गेल्या. पैलवान बराच वेळ शहाणीच्या पाठीवरून हात फिरवत उभा राहिला. शहाणी रवंथ करत होती. तिला काय, तिची कास बरी झाली होती. मग त्याने तिच्या गळ्यातली घंटा सोडली, स्वतःच्या गळ्यात बांधली, मला खुंटीवरून काढलं आणि हातात काठी घेतली.

न्हाव्याने दुकानातून बघितलं. "अरे, तू जिंकलास ना? घंटा कशाला?"

"मी हरलोय," पैलवान म्हणाला, आणि काठी माझ्या अंगावर मारली. ढण्ण आवाज झाला. अख्खी गल्ली दारात आली.

पहिल्या दारात तो हंबरला. तसा बरा हंबरला. लोक हसायला लागले, तर त्याने मला वर धरलं. "ही लाल पट्ट्याची बादली. हिच्यातलं औषधाचं दूध मी वहिनींच्या कॅनमध्ये ओतलं. माप उणं पडायला नको म्हणून. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं असताना. वहिनींचा हात चुकला नाही, माझी नियत चुकली. तुमच्याकडे परवाचं दही असेल, वहिनींच्या विरजणाचं, तर वाटीभर द्या."

हसणं थांबलं. पहिल्या घरी दही संपलं होतं. दुसऱ्या घरी आदल्या दिवशीच कढी झाली होती. तिसऱ्या दारात एक काका म्हणाले, "उद्यापासून तुझं दूध बंद." पैलवान म्हणाला, "बरोबर आहे, काका," आणि पुढच्या दारात जाऊन हंबरला. प्रत्येक दारी काठी माझ्यावर पडत होती. दुखत होतं, पण मला वाटलं, पडू दे. कॅनमध्ये जायची हौस होती ना मला? आता सगळ्या गल्लीला कळू दे माझ्यात काय होतं ते.

घरं संपत आली, तरी एक चमचा दही मिळेना. घंटा वाजत होती आणि मागे निम्मी गल्ली चालत होती. राहिल्या आक्का. पैलवान दारात उभा राहिला, हंबरला, पण त्यांना दही काय मागायचं म्हणून वळायला लागला.

"थांब," आक्का म्हणाल्या. आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पदराखाली झाकलेली वाटी होती. "घे. परवाचं आहे. आणि कोणाला सांगू नकोस."

मागे निम्मी गल्ली उभी होती.

"आक्का, तुम्ही तर विकतचं तोंडाला लावत नाही ना?" न्हाव्याला राहवलं नाही.

"वाटीला लावते," आक्का म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

वाटी माझ्यात ठेवायला पैलवान वाकला, आणि मग स्वतःच थबकला. शहाणा झाला होता. मला त्याने बाजूला जमिनीवर ठेवलं आणि वाटी हातात धरून चालायला लागला. न्हाव्याने मला उचलून त्याच्या मागोमाग आणलं.

मित्रांनो, तुमच्या घरी गाय असो, कोंबड्या असोत, नाही तर नुसतं दूध येत असो, माझं एवढं ऐका. औषध जनावराच्या दुखण्यासाठी असतं, आपल्या सोयीसाठी नाही. डॉक्टर सांगतील तेवढंच आणि तेवढे दिवस द्या. उरलेलं खिडकीत जपू नका. आणि बादलीवर लाल पट्टा असेल तर तिला खड्ड्यातच जाऊ द्या, मग ती माझ्यासारखी कितीही रुसली तरी. तिच्या रुसण्याकडे लक्ष देऊ नका. मी सांगतेय ना, मीच ती.

वहिनी दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, शेवटी गल्ली केवढीशी. पैलवानाने वाटी पुढे केली. त्यांनी ती घेतली, वास घेतला, बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं, आणि डोळे मिटून बसल्या. पैलवानाच्या गळ्यातली घंटा मधूनमधून किणकिणत होती, त्याला स्वस्थ उभं राहता येत नव्हतं.

"लागेल का, वहिनी?"

"उद्या कळेल. दूध कुठून आणू ते आधी बघते." त्यांनी वाटीवर ताटली झाकली. "तुझं नको."

"नको," तो म्हणाला. "बाई सांगतील तोवर नको."

"आणि माझ्या दारात हंबरला नाहीस अजून."

गल्ली वाट बघत होती. पैलवानाने मान वर केली आणि हंबरला. आवाज फाटला, मधेच रडक्यासारखा झाला.

"हे वासरू झालं," वहिनी म्हणाल्या. "पैज गायीची होती. परत."

आणि तो परत हंबरला.