‘नायक’ लिहिलेला बिल्ला

मी एक जुना बिल्ला आहे, मित्रांनो. पितळेचा, गोल, शर्टाच्या खिशावर लावला तर दुरून दिसेल एवढा मोठा. माझ्या कडेने निळ्या मिन्याची पट्टी आहे आणि मधोमध कन्नड अक्षरांत ‘नायक’ असं लिहिलेलं आहे. कन्नड अक्षरांचा बिल्ला मराठीत कसा बोलतो, असं तुमच्या मनात येईल. एक वर्ष मी एका मराठी घरात राहिलो, म्हणून. ते वर्ष कसं आलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. मात्र आधीच सांगून ठेवतो, त्यातलं सगळं मला अजून नीट उमगलेलं नाही.

माझा जन्म बंगळुरातल्या बळेपेटेतला. एका अरुंद दुकानात पितळेचा पत्रा कापून, ठोकून, मिना भरून मला घडवलं. त्याच पत्र्यातून माझ्या शेजारी एक लहान बिल्ला कापला गेला. त्याच्यावर ‘उपनायकी’ असं लिहिलं. कारागिराने आम्हा दोघांना एकाच फडक्याने पुसलं आणि एकाच डबीत ठेवलं. मला वाटलं, आम्ही भावंडं आहोत. पुढे कळलं की मी मुलासाठी आहे आणि माझं धाकटं भावंड मुलीसाठी. हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. आमच्या अंगावरच तसं लिहिलं होतं, एवढं खरं.

जयनगरातल्या एका शाळेने आम्हाला विकत घेतलं. दरवर्षी जून संपता संपता तिथे निवडणूक व्हायची. दहावीतला एक मुलगा नायक व्हायचा आणि मी त्याच्या खिशावर चढायचो. सकाळच्या प्रार्थनेला आम्ही सगळ्या शाळेसमोर उभे राहायचो. आम्ही ‘अटेन्शन’ म्हटलं की शाळा ताठ व्हायची. मुलं मला शर्टाच्या बाहीने घासून चकचकीत ठेवायची. उपनायकीचं काम निराळं होतं. पाहुणे आले की गुलाबाचं फूल द्यायचं, चहाचा ट्रे न्यायचा, फळ्यावर सुविचार लिहायचा. वर्ष संपलं की आम्ही दोघं पुन्हा डबीत यायचो. माझ्या भावंडाच्या अंगाला चहाचा वास यायचा. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

मग त्र्याण्णव साली शाळेत सुचेता मॅडम आल्या. त्या पुण्याच्या. यजमानांना इथल्या एका संगणकाच्या कंपनीत नोकरी मिळाली, म्हणून बंगळुरात आलेल्या. त्या नागरिकशास्त्र शिकवायच्या, त्यामुळे निवडणुकीचं काम त्यांच्याकडे आलं. शाळेची रीत त्यांना कोणी सांगितली नव्हती. दहावीतली संयोगिता ‘नायक’ पदासाठी नाव द्यायला आली, तेव्हा त्यांनी ते सरळ लिहून घेतलं.

संयोगिता पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातली होती. घरी मराठी बोलायची, पण त्यात निम्मं कन्नड. तिची आई मथुराबाई लोकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. निवडणुकीत संयोगिताविरुद्ध उभा होता तिच्याच वर्गातला जयतीर्थ. शांत मुलगा, पण आवाज खणखणीत.

चिठ्ठ्या सगळ्यांच्या देखत मोजल्या. संयोगिताला जास्त मतं पडली. थोडीथोडकी नाही, चांगली भरभक्कम जास्त.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापक देवाप्पा सरांनी डबी उघडली. संयोगिता एक पाऊल पुढे आली होती. सरांनी मला उचललं आणि जयतीर्थच्या खिशावर लावलं. लहान बिल्ला संयोगिताला दिला.

“संयोगिता गुणी मुलगी आहे,” सर कन्नडमध्ये म्हणाले, अगदी मायेने. “पण नायकाला उशिरापर्यंत थांबावं लागतं. बसने दुसऱ्या शाळांत जावं लागतं. मुलीच्या मागे हा त्रास कशाला? तिला उपनायकीचा मान दिलाच आहे.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, संयोगितानेही वाजवल्या. मी गोंधळून गेलो. देवाप्पा सर वाईट माणूस नव्हते. पडलेल्या पोराला स्वतः उचलून दवाखान्यात नेणारे होते ते. मग त्यांच्या हातून हे असं कसं झालं? आणि जिचं गेलं तीच टाळ्या का वाजवत होती? माझ्या पाठीमागे जयतीर्थचं काळीज धडधडत होतं. ती धडधड आनंदाची की कसली, तेही मला ओळखता येईना.

मला वाटलं, आता जयतीर्थला हे काम जमणार नाही, मग आपोआपच सगळं उलगडेल. पण तसं झालं नाही. त्याला ते उत्तम जमलं. त्याच्या एका हाकेने मैदान गप्प व्हायचं. शिक्षक म्हणू लागले, “बघा, सरांची निवड बरोबर होती.” माझा गोंधळ आणखी वाढला. काम नीट होत असेल, तर मग चुकलं काय?

जुलैत एके दिवशी सुचेता मॅडम वर्गात समानतेचा धडा शिकवत होत्या. मताचा अधिकार सगळ्यांना सारखा, वगैरे. जयतीर्थ उभा राहिला.

“मॅडम, मत म्हणजे नक्की काय?”

“आपल्याला कोण हवं ते सांगणं.”

“मग मुलांनी सांगितलं होतं की. तरी बिल्ला माझ्याकडे कसा?”

जयतीर्थने मला काढलं आणि मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्याची बोटं घामाने ओली झाली होती. मॅडमनी संयोगिताकडे पाहिलं. “तुझ्यावर अन्याय झालाय हे मला त्याच दिवशी कळत होतं,” त्या म्हणाल्या. “मी सरांशी बोलते.”

संयोगिता उभी राहिली. मग ती मराठीतच म्हणाली, “मॅडम, रागावू नका. पण पाहुणे आले की तुम्हीपण ट्रे न्यायला मुलींनाच हाक मारता. आणि बाकं उचलायला मुलांना. मला बाकं उचलता येतात.”

मॅडमनी खडू खाली ठेवला. त्या रागावल्या असत्या तर मला समजलं असतं. त्या म्हणाल्या, “हो गं. मारते खरी. माझ्या लक्षातच आलं नाही.” आणि धडा अर्धा टाकून खुर्चीत बसल्या. ज्या बाईंना सगळं ठाऊक असेल असं मी धरून चाललो होतो, त्याही माझ्यासारख्याच गोंधळल्या होत्या.

त्या दिवसापासून शाळेला नायक नव्हता. मी देवाप्पा सरांच्या खणात पडून होतो. सर आणि मॅडम रोज वाद घालायचे. सर म्हणायचे, “अहो, मी तिच्या भल्याचंच पाहतोय.” मॅडम म्हणायच्या, “भलं तिला विचारून पाहू या की.” पंधरा ऑगस्ट जवळ येत होता. संचलनाला हुकूम कोण देणार, हेच ठरेना. शेवटी सरांनी दोन्ही मुलांच्या घरच्यांना बोलावलं आणि मला खणातून काढून टेबलावर ठेवलं.

जयतीर्थचे वडील म्हणाले, शाळा ठरवेल ते मान्य. मथुराबाई पदर सावरून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मला विचाराल तर आमच्या पोरीला हा बिल्लाबिल्ला काही नको. दहावीचं वर्ष आहे. लोक नावं ठेवतात.”

संयोगिताचा चेहरा एवढासा झाला. सरांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

“पण अण्णा, एक विचारू?” मथुराबाई सरांना म्हणाल्या. “नायक मुलगाच करायचा, हे आधीच ठरलं होतं ना? सरी, ठीक आहे. मग मुलांकडून मतं घेतली कशाला? लहान मुलांना असं फसवायचं नसतं.”

सरांनी मला उचललं. माझ्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “अम्मा, तुमचं खरं आहे. पण अडचण पाहा. याच्यावर ‘नायक’ लिहिलंय. मुलीला म्हणायचं तर ‘नायकी’ लिहायला हवं. नवा करून घ्यावा लागेल.”

खिडकीबाहेर काही मुलं कान देऊन उभी होती. कन्नडमध्ये सिनेमातल्या नायिकेलाही ‘नायकी’च म्हणतात, त्यामुळे त्यातलं कोणी तरी ओरडलं, “हिरॉइन!” आणि सगळी खिदळली.

मित्रांनो, तेव्हा मला कसं वाटलं असेल? मी कधी कोणाला अडवलं नव्हतं, आणि माझ्या अंगावरची अक्षरंच आता अडसर म्हणून दाखवली जात होती. ती मी लिहिली नव्हती. मला ती पुसताही येत नव्हती.

“नवा नको, सर,” संयोगिता म्हणाली. “हाच द्या. ज्याला जास्त मतं त्याचा हा बिल्ला. मला ‘नायक’ म्हटलेलं चालेल.”

“आणि मग जयतीर्थला काय द्यायचं?” सर वैतागून म्हणाले. “दुसऱ्यावर ‘उपनायकी’ लिहिलंय!”

जयतीर्थचे कान लाल झाले. त्याने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. “तिला चालतंय तर मलाही चालेल, सर.”

त्याने तो लहान बिल्ला खरोखरच लावला. मुलं त्याला ‘नायकी, नायकी’ म्हणून चिडवत. काही दिवस तो बिल्ल्यावर हात ठेवून चालायचा. मग कधी तरी त्याने हात काढला. पाहुण्यांना फूल देताना तो इतका अवघडायचा, की पाहुणेच त्याला धीर द्यायचे. सुचेता मॅडमनी ट्रे आणि बाकं यांच्या पाळ्या लावल्या. मुलींनी बाकं उचलली आणि मुलांनी पहिल्याच दिवशी चहा सांडला.

मी संयोगिताच्या घरी गेलो, तेव्हा मथुराबाई म्हणाल्या, “आणलास? मिरवू नकोस फार.” मुलींच्या गणवेशाला खिसा नव्हता. माझ्या वजनाने कापड फाटेल म्हणून त्यांनी आतून एक जाड तुकडा शिवून दिला. शिवताना त्या पुटपुटत होत्या, की असल्या नसत्या भानगडी हव्यात कशाला. टाके मात्र फार बारीक आणि घट्ट घातले. त्यांना मी हवा होतो की नको होतो, हे मला वर्षभर त्या घरात राहूनही सांगता येणार नाही.

मग पंधरा ऑगस्ट आला. मैदानावर पालक, पाहुणे, शिक्षक, सगळे जमले. मी संयोगिताच्या छातीवर होतो. तिने खणखणीत हुकूम दिला, “अटेन्शन!” शाळा ताठ झाली. मग ती म्हणाली, “राइट टर्न!”

पुढच्या रांगा वळल्या. नववी-दहावीच्या मुलांच्या दोन रांगा मात्र तशाच उभ्या राहिल्या. कोणी तरी हसू दाबत होतं. तिने पुन्हा हुकूम दिला. ती मुलं हलली नाहीत. जयतीर्थ एकटा त्यांच्या टोकाला वळून उभा होता. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. जिला यांतल्याच कितीतरी जणांनी मत दिलं होतं, तिचंच ऐकायला आता त्यांना लाज का वाटत होती? मला काही समजेना. माझ्या मागचं काळीज इतकं धडधडत होतं, की मी हलत होतो. ती रडेल असं मला वाटलं. पळून जाईल असंही वाटलं. तिने मान वर केली, मोठा श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा हाक दिली.

“राइट टर्न!”

शिक्षकांच्या ओळीत सुचेता मॅडमनी चपला जुळवल्या आणि त्या उजवीकडे वळल्या. शिक्षकांनी नायकाच्या हुकमावर वळायचं, असं आजवर कधी झालं नव्हतं. बाकीचे शिक्षक चुळबुळले. तेवढ्यात मंचावर देवाप्पा सर उठून उभे राहिले. अंगाने जाड माणूस ते, गुडघे दुखणारे. त्यांनी हात मांड्यांना चिकटवले, टाचेवर सावकाश उजवीकडे फिरले, आणि डाव्या हाताला बसलेल्या पाहुण्यांकडे चक्क पाठ करून बाजूच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग त्या दोन रांगांतला एक मुलगा वळला. त्याच्या मागचा वळला. एकेक करत सगळे वळले. काही जण डावीकडे वळले, पण वळले.

सर का वळले, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. त्यांना पटलं होतं, की शाळेची अब्रू जाऊ नये असं वाटलं, की चिठ्ठ्या मोजूनही मुलांचं मत न मानल्याची त्यांना टोचणी होती? त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा एक मुलगा निवडून आला, तेव्हा काही पालक म्हणाले, “चला, आता सगळं रीतसर झालं.” त्यानंतर शाळेने दोन नवे बिल्ले केले. दोन्हींवर ‘प्रमुख’ एवढंच लिहिलं आहे, आणि मला कपाटात ठेवलं आहे.

माझ्यावर धूळ साचली तरी चालेल, मित्रांनो. मला घासूनपुसून ठेवा अशी माझी विनंती नाही. तुमच्या शाळेत, तुमच्या वर्गात, कोणी तरी असं एकटं समोर उभं राहील आणि दोनदा हाक देऊनही कोणी हलणार नाही. तेव्हा आजूबाजूचे काय करतात हे बघत थांबू नका. मनात गोंधळ असला तरी असू द्या. माझ्याही मनात अजून आहे. तुम्ही आधी वळा.